पुढच्या दाताचा कोपरा

२८ जानेवारी

चिरंजीवास,

तुझी लेक माझ्याकडे आहे. हे सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पुढचं न वाचता फाडलंस तरी कामाचं तेवढं पोहोचेल.

पोर सुखरूप आहे. जेवते, झोपते, आणि दिवसातले पाच तास दवाखान्याच्या मागच्या खोलीत क्लॅरिनेट वाजवते. समोरचा शिंपी काल विचारत होता, "डॉक्टर, पेशंटचं ओरडणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून बँड लावलाय का?" मी हो म्हणालो. लहानपणी ती सारखी गुणगुणायची म्हणून मी तिला भुंगा म्हणायचो. आता बावीस वर्षांची झाली तरी भुंगा म्हटल्यावर ओ देते.

ती घर सोडून आली असं समजू नकोस, रागावून आली असं समज. घर सोडणारा माणूस टूथब्रश विसरत नाही. ही विसरली. मी नवा दिला.

रागाचं कारण तुला माहीत आहे. डिसेंबरात जिन्यावरून पडून तिच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. दात तासून त्यावर कॅप बसवू, आणि त्याआधी सगळे दात पांढरे करून घेऊ म्हणजे कॅपचा रंग त्यांना जुळवता येईल, असं तू म्हणालास. दंतवैद्य म्हणून बोललास ते बरोबरच होतं. पण पोरीला दात तासून घ्यायचा नव्हता. मला म्हणाली, "आजोबा, उरलेला दात चांगलाय ना? मग त्याला कशाला शिक्षा?" या प्रश्नाचं उत्तर मला पन्नास वर्षांच्या धंद्यात सापडलेलं नाही.

तेव्हा काल मी तो कोपरा दाताच्या रंगाच्या काँपोझिटनं भरून दिला, दात न तासता. पांढरे केलेल्या दातावर भरणी लगेच धरत नाही, मध्ये दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, हे मी विसरलेलो नाही. आधी तिला विचारलं, "बाबानं दात कधी पांढरे केले?" म्हणाली, "दहा तारखेला." मोजलं. दोन आठवडे होऊन गेले होते. मग खिडकीतल्या उजेडात रंग जुळवला आणि काम केलं. माझ्या मदतनीस ताई सहसा कौतुक करत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या, "कुठला कोपरा केलाय ते शोधावं लागतंय."

घाई एवढ्यासाठी, की सोळा फेब्रुवारीला तिची वाद्यवृंदाची निवड आहे. क्लॅरिनेटची एकच जागा आहे. पुन्हा कधी रिकामी होईल, ते त्या जागेवर बसणाऱ्याच्या आयुर्मानावर. त्या वाद्याची मुखनळी वरच्या पुढच्या दातांवर टेकवून वाजवतात. कोपरा नसला की ती केसभर घसरते आणि वरचा सूर किंचाळतो.

सहा वर्षांपूर्वी एका पेशंटच्या देखत तू माझ्या हातातलं दात कोरायचं यंत्र काढून घेतलंस आणि म्हणालास, "नाना, हात हलतोय तुमचा. बस झालं आता." तेव्हापासून आपण बोललेलो नाही. काल तो हात हलला नाही. एवढंच कळवायचं होतं.

नाना


२ फेब्रुवारी

चिरंजीवास,

पोर मजेत आहे. दातही छान आहे.

सहज म्हणून विचारतो. तुमच्याकडे भरणी चिकटवायच्या बाँडिंगची बाटली उघडल्यावर किती महिने वापरता? माझ्या बाटलीवरची तारीख पुढच्या वर्षाची आहे, पण उन्हाळ्यात फ्रिज चार दिवस बंद होता. आणि भरणी कडक करायचा निळा दिवा. त्याचा जोर मोजायचं यंत्र मिळतं म्हणे. तू वापरतोस का? आणखी एक. दात सुकवायच्या हवेच्या पंपातून तेलाचा अंश आला तर दातावर डोळ्यांना दिसतो का? मी आरशावर फुंकून पाहिलं. मला दिसला नाही, पण माझे डोळेही आता माझ्याच वयाचे आहेत.

हे सगळं सहज. म्हातारपणी कुतूहल वाढतं.

आज मागच्या खोलीतून वाजवण्याचा आवाज नाही. पोरीला विश्रांती हवी होती.

सकाळपासून चौथीच्या पुस्तकातली एक कविता डोक्यात घुमते आहे. मास्तर ती आम्हाला बाकावर उभं करून म्हणायला लावायचे.

उतरत जाई घागर खाली,
दोर म्हणे, मी धरून आहे.

पुढे विहीर काहीतरी बोलते. ते कडवं आठवत नाही. मी तुला ही शिकवली होती का? शिकवली असेन तर पुढचं लिहून पाठव.

नाना


५ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं नव्हतं.

कोपरा पडला. एक तारखेला, वाजवता वाजवता. ती मागच्या खोलीतून आली, तळहात पुढे केला आणि म्हणाली, "आजोबा, आला हातात." तांदळाच्या कणीएवढा तुकडा. मी तो भिंगाखाली धरला. तुला वेगळं सांगायला नको, भरणी तुटली तर थोडी दातावर राहते. इथे दात कोरा होता. तुकडा तुटला नव्हता, अख्खा सुटून आला होता. पाटीवरून खडूचा डाग पुसावा तसा.

म्हणजे वाजवण्याचा दोष नाही. चिकटवण्याचा आहे. आणि चिकटवणारा मी.

तीन दिवस मी चोर शोधत होतो. नवी बाटली आणली, दिव्याची काच पुसली, पंपाची जाळी बदलली. मग बरणीतला एक जुना काढलेला दात घेतला, त्यावर तसाच कोपरा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी चिमट्याने ओढला. हलेना. दात चिमट्यातून निसटून कपाटाखाली गेला, पण कोपरा जागच्या जागी. ताई म्हणाल्या, "बघा! हात आहे की नाही?"

मी म्हटलं, "बरणीतला दात गिळत नाही, बोलत नाही, त्याला जीभ नाही. तिथे कोणीही शूर."

"तुमचा हात हलला असता ना डॉक्टर, तर माझ्या हातातली पाणी ओढायची नळी आधी बोंबलली असती. इतकी वर्षं धरतेय."

त्यांचं म्हणणं खरं वाटावं अशी फार इच्छा होते. काल पुन्हा केलं. रबराचा पडदा लावून, थुंकीचा थेंब आत येऊ न देता, जे पुस्तकात आहे ते सगळं, अगदी परीक्षेला बसल्यासारखं. पोरीनं तासभर तोंड उघडं ठेवलं आणि एकदाही कुरकुरली नाही. संपल्यावर मी माझे दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. ते कोणी पाहू नयेत असं वाटलं.

निवड अकरा दिवसांवर आहे.

नाना


९ फेब्रुवारी, सकाळ

काल पुन्हा पडला.

पोर रडली नाही. ते पाहवलं नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवत राहिली, एकेक पुसून. म्हणाली, "आजोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." बावीस वर्षांच्या नातीनं आजोबांची समजूत घालायची. आज उठल्या उठल्या ठरवलं, तुझ्या नावाची चिठ्ठी देऊन तिला तुझ्याकडे पाठवायचं. "माझ्याच्यानं होत नाही," एवढी एक ओळ. लिहायलाही बसलो होतो.

तेवढ्यात ती तोंड धुवायला गेली. बेसिनच्या कडेला तिनं एक पारदर्शक डबी ठेवली. डबीत पातळ प्लास्टिकचा ट्रे, दातांच्या आकाराचा. शेजारी जेलची सिरिंज, निम्मी संपलेली.

"हे काय?"

"बाबांचा ट्रे. दात पांढरे करायचा."

"ते तर दहा तारखेला झालं."

"दहाला त्यांनी दवाखान्यात केलं. मग घरी करायला हा दिला. रोज झोपताना घालायचा, सिरिंजा संपेपर्यंत."

मी खाली बसलो. बेसिनजवळ स्टूल नव्हतं, तरी बसलो. बादलीवर.

"भुंग्या, तू हा शेवटचा कधी घातलास?"

"काल." माझा चेहरा बघून ती घाबरली. "कोपरा बसवला की घालत नाही हो आजोबा! तेव्हा ट्रे बसतच नाही ना, कोपरा नसताना माप घेतलंय. पडला की मग घालते. बाबांनी मध्ये सोडू नको म्हणून सांगितलंय."

टूथब्रश विसरून आलेली पोर तुझा ट्रे विसरली नव्हती. तुझा शब्द किती पाळते बघ, आणि म्हणे तुझ्यावर रागावली आहे.

आता तू दंतवैद्य आहेस, तेव्हा तुला काय सांगू. पण सांगतोच, कारण मला ते मोठ्यानं म्हणायचं आहे. पांढरं करणाऱ्या औषधातला ऑक्सिजन दाताच्या आत मुरून राहतो. काँपोझिट आणि बाँडिंग जिथे त्याला भेटतात तिथे नीट कडक होत नाहीत. वरून निळा दिवा कितीही मारा. वरून दगड, खालून कच्चं. तो ऑक्सिजन निघून जायलाच ते दोन आठवडे लागतात. आणि ते मोजायचे शेवटच्या जेलपासून. मी मोजले पहिल्या दिवसापासून. मी तिला विचारलं, "कधी केले?" तिनं खरं उत्तर दिलं. "कधी थांबवलंस?" हे मी विचारलं नाही. पहिला कोपरा बांधला त्याच्या आदल्या दिवशीही ती ट्रे घालून झोपली होती. दुसऱ्या वेळीही तेच.

हात हलला नव्हता. माझा हात हलला नव्हता रे.

हे कळल्यावर पहिले दोन क्षण मला इतका आनंद झाला, की समोर पोर उभी आहे, तिचा दात मोडका आहे, निवड आठवड्यावर आली आहे, हे मी विसरलो. मग आठवलं. आणि मग तुझा राग आला.

अठ्ठावीस जानेवारीच्या पत्रात मी स्पष्ट लिहिलं होतं की दहा तारखेपासून मोजून काम केलं. ते वाचलं असतंस तर तुला त्याच मिनिटाला कळलं असतं की म्हाताऱ्याचं गणित चुकलंय. "नाना, ट्रे चालू आहे," एवढे तीन शब्द पुरले असते. म्हणजे तू ते पत्र उघडलंच नाहीस. एकही उघडलं नाहीस. माझ्यावर रुसलास ते ठीक, रुसायला बाप असतोच. पण या वेळी पाकिटात तुझी लेक होती.

सिरिंजा मी कपाटात कुलपात ठेवल्या आहेत. पोर तुला फोन करते आहे, दाराआडून आवाज येतो आहे. ती तुला काय सांगते ते मी ऐकत नाही.

ऐकतो आहे. "बाबा, आजोबांची चूक नाही," असं ती तिसऱ्यांदा म्हणाली.

नाना


१३ फेब्रुवारी

चिरंजीवास,

काल तू दवाखान्यात फोन केलास. मी पेशंटजवळ होतो, म्हणून ताईंनी उचलला असं त्यांनी तुला सांगितलं. पेशंट नव्हता. मी फोनपासून दोन हात अंतरावर उभा होतो, ताईंना खूण करत, की मी नाही म्हणून सांगा. ताईंनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "डॉक्टर, तुमचं वय काय?" मग तुझा निरोप त्यांनीच घेतला.

तुझ्या दोन गोष्टी कळल्या. एक, पोरीला आजच्या आज पाठवा, दात तासून एका दिवसात कॅप बसवतो. दोन, ते जमत नसेल तर क जीवनसत्त्वाचं द्रावण दातावर ठेवा, ते ऑक्सिजन मारतं, मग लगेच बाँडिंग करा, द्रावण मी माणसाबरोबर पाठवतो.

दुसऱ्या गोष्टीवर मी विचार केला. ती खोटी नाही. मीही वाचलं आहे. काही ठिकाणी धरलं, काही ठिकाणी अर्धवट धरलं. तुझ्याकडे येणारा पेशंट हसण्यासाठी दात मागतो. त्याचा पडला तर तो परत येतो, तू परत बसवतोस. हिचा पडला तर वाजवताना पडणार, आणि तुकडा मुखनळीत अडकला तर पुढचा सूरच नाही. तिसऱ्यांदा पडेल की नाही हे सोळा तारखेलाच कळणार असेल, तर तो प्रयोग झाला.

पण निर्णय माझा नव्हता. मी दोन्ही गोष्टी पोरीसमोर ठेवल्या. तुझ्या बाजूनं जितकं बोलता येईल तितकं बोललो. कॅपबद्दल तर तुझ्याहून चांगलं बोललो असेन.

ती म्हणाली, "डिसेंबरपासून मोडक्या दातानं वाजवतेय आजोबा. मोडका दात तरी कसा वागतो ते मला माहीत आहे. नवा कोपरा आला की दोन दिवस त्याला शिकवण्यात जातात, आणि शिकला की पडतो."

"मग?"

"फक्त धार काढून द्या. ओठ कापतो. बाकी मी बघते."

म्हणून काल तुझ्या फोननंतर धार काढायला बसलो. आता हे लिहितो ते नीट वाच, कारण मी हे पुन्हा लिहिणार नाही. यंत्र हातात घेतलं. अनामिका शेजारच्या दातावर टेकवली, जशी तुला पहिल्या दिवशी टेकवायला शिकवली होती. पायाखालची कळ दाबली, यंत्र सुरू झालं. आणि टोक हललं. फार नाही. तिला कळलं नाही. ताईंना कळलं. त्यांनी नळी जरा बाजूला घेतली आणि दुसरीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी दुसरीकडे बघितलं नव्हतं.

मी यंत्र खाली ठेवलं आणि हातानं घासायची पट्टी घेतली. हळूहळू, एकेक फेरी. पट्टीला थरथर चालते, यंत्राला चालत नाही. धार छान निघाली. पोर जिभेनं चाचपून म्हणाली, "लोणी!"

तेव्हा तू हाताबद्दल बरोबर होतास आणि दाताबद्दल मी. ही वाटणी मला मान्य आहे.

मुखनळीवर तिनं रबराची पातळ चकती चिकटवली आहे. दिवसभर वाजवते. वरचा सूर दहापैकी सात वेळा येतो, तीन वेळा कोंबडा आरवतो. शिंप्यानं दुकानाचं दार लावून घेतलं. मी आतल्या बाकावर बसून मोजतो. आज संध्याकाळी दहापैकी आठ.

तिला तू फोनवर काय म्हणालास तेही तिनं सांगितलं. "त्या म्हाताऱ्याच्या हट्टापायी तुझी जागा जाईल." जाईलही. मला त्या वाक्यानं झोप लागलेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. तू जिंकलास म्हणून नाही.

नाना


१७ फेब्रुवारी

चिरंजीवास,

काल आपण एका बाकावर दोन तास बसलो आणि दोघं मिळून वीस वाक्यंही बोललो नाही. म्हणून आज पत्र. माझं तोंड चालत नाही तेव्हा हात चालतो, निदान लिहिण्यापुरता.

तू येशील असं वाटलं नव्हतं. कॉरिडॉरच्या टोकाला उंच माणूस दिसला, हातात ब्रीफकेस, आणि मी मनात म्हटलं, बघा, कोणाचा तरी बाप आला. चार पावलं जवळ आल्यावर कळलं, कोणाचा. केस पांढरे झालेत तुझे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू बसलास, आणि पहिलं वाक्य काय? "धार कोणी काढली?"

"मी."

"यंत्रानं?"

"पट्टीनं."

"पोर फोटो पाठवते. बरी काढलीत."

मग मी इकडेतिकडे बघत बसलो. समोर भिंतीवर घड्याळ, शेजारी झाडाच्या कुंड्या, आणि बाकावर आपल्यासारखेच अवघडलेले आईबाप. एक बाई स्वतःच्या मुलाची व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसली होती, बाळ असल्यासारखी थोपटत.

मग तू बुटांकडे बघत म्हणालास, "पत्रं उघडली नव्हती. तिचा फोन आल्यावर उघडली. एकदम सगळी."

मी "हं" म्हणालो. मला जास्त काही म्हणायला हवं होतं. सुचलं नाही. आता सुचतं आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही, तुझ्या डोक्यावरून हात फिरवण्यासारखं आहे. तो कसा पोस्टात टाकू?

आणि मग तो दारावरचा माणूस. तू त्याला विचारलंस, "आत किती परीक्षक आहेत? पहिल्या रांगेतून चेहरा नीट दिसतो का?" तो म्हणाला, "चेहरा? मध्ये पडदा असतो साहेब. कोण वाजवतंय, मुलगा की मुलगी, काळं की गोरं, काही दिसत नाही. बुटांच्या आवाजावरूनसुद्धा ओळखू नये म्हणून खाली सतरंजी घालतो. फक्त नंबर."

तुझा चेहरा मला विसरता येणार नाही. ज्या परीक्षेत तोंडच दिसत नाही, तिच्यात छान दिसावं म्हणून महिनाभर दात पांढरे! मी हसू दाबायचा प्रयत्न केला. नाही दाबलं गेलं. खोकला काढला. तू म्हणालास, "तिनं मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "तू विचारलंस का?" आणि मग मला माझाच "दात कधी पांढरे केले?" हा प्रश्न आठवला, आणि हसू आपोआप थांबलं. आपल्या घरात प्रश्न अर्धेच विचारायची पद्धत दिसते.

तिचा नंबर पुकारला. दार बंद झालं. दार जाड होतं, पण खालून फट होती.

सुरुवात तिनं छान केली. मला संगीतातलं कळत नाही. मला कळतं ते कविता म्हणणाऱ्या मुलाचं. कुठे श्वास घ्यायचा ते ज्याला माहीत असतं, तो पाठांतर विसरत नाही. तिला माहीत होतं. मग तो चढ आला. मागच्या खोलीत मी तो इतक्या वेळा ऐकला होता की माझ्याच दाढा आवळल्या गेल्या. दहापैकी आठ. म्हणजे दोन वेळा नाही.

मी डोळे मिटले. तू माझी बाही धरलीस. तुला आठवतही नसेल.

सूर आला. सरळ आला, एका दमात, आणि तिनं तो हवा तेवढा धरून ठेवला. हट्टानं धरला असं मला वाटलं.

तू बाही सोडलीस आणि ब्रीफकेस उगाच उघडून बंद केलीस.

बाहेर आल्यावर तिनं आपल्या दोघांना एका बाकावर पाहिलं आणि पहिलं वाक्य काढलं, "अरे वा, म्हणजे मी नापास झाले तरी चालेल." पोर तोंडाळ आहे. माझ्यावर गेली म्हणतात, मला तसं वाटत नाही.

तू लगेच गाडीकडे गेलास. पेशंट होते म्हणालास. रविवारी कसले पेशंट?

नाना


२३ फेब्रुवारी

चिरंजीवास,

तिनं तुला फोनवर सांगितलंच आहे, पण मला लिहायची हौस आहे. जागा मिळाली. सहा महिने कच्ची, मग पक्की. मार्चपासून रोज तालीम. निवड पडद्याआड झाली तरी तिथे नोकरी उजेडात आहे. आणि रोज पाच तास मोडक्या कोपऱ्यानं वाजवून तिचा ओठ सुजतो. तेव्हा दात आता पक्का करायलाच हवा.

दिवस भरले. आठ तारखेनंतर तिनं ट्रे तोंडात घातलेला नाही. या वेळी मी प्रश्न पूर्ण विचारला, उलट-सुलट विचारला, ती वैतागली. आज खिडकीशी उभं करून रंग पाहिला. पांढरेपणा किंचित उतरला आहे, जिथे थांबायचा तिथे थांबला आहे. आता जुळवलेला रंग जुळलेलाच राहील. दात तयार आहे.

माझ्याकडेही सगळं तयार आहे. बाटली नवी, दिवा चांगला, पंपात तेल नाही. मी करू शकतो. पुढचा आठवडाभर हे स्वतःला रोज सांगायचं, आणि मग करायचं, असं ठरवलं होतं. परवा ताई उपकरणं लावत होत्या. मी म्हटलं, "शनिवारी पोरीचं करू." त्यांनी बरं म्हटलं आणि पुन्हा दुसरीकडे बघितलं.

ती दुसरीकडे बघायची ताईंची सवय मला परवडणारी नाही. त्याच मला रागावल्या नाहीत तर कोण रागावणार?

म्हणून ये. शनिवारी सकाळी ये. दात तासायचा नाही, एवढी तिची अट आहे, आणि ती पाळावी लागेल. कोपरा तू बांधायचास. रंग मी निवडणार. त्या बाबतीत तुझं मला काही ऐकायचं नाही, तू विजेच्या उजेडात रंग बघतोस. दिवा मी धरीन. धरताना हलला तरी निळ्या उजेडाला फरक पडत नाही.

काल दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. डॉक्टरचं स्टूल मी तुझ्या उंचीला वर करून पाहिलं. किती वर्षांत फिरवलं नव्हतं, गंजानं अडलं होतं. ताईंनी तेल घातलं, मी जोर लावला, आणि ते एकदम वर गेलं ते गेलंच. आता खाली येत नाही. शिंप्यानं येऊन बघितलं, त्यालाही जमलं नाही. बसून पाहिलं तर माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

नाना